बफर, संगणकीय : पुनर्वापर

भिन्न गतींच्या दोन घटकांमध्ये, उदा., तबकडी व प्रक्रियक यांच्यामध्ये, माहिती तात्पुरती साठविण्यासाठी राखून ठेवलेल्या स्मृतीच्या सलग भागास बफर म्हणतात. काम संपताच बफर सोडून पुढील वेळी नवा मागण्याऐवजी तोच पुन्हा उपयोगात आणणे म्हणजे बफरचा पुनर्वापर होय.

स्मृती मागणे ही क्रिया वाटते तितकी स्वस्त नसते. प्रत्येक मागणीसाठी मोकळ्या जागेची नोंद तपासून योग्य आकारमानाचा तुकडा शोधावा लागतो. लहानमोठे तुकडे सतत घेतले व सोडले गेल्यास स्मृतीचे विखंडन होते, म्हणजे एकूण मोकळी जागा पुरेशी असूनही सलग जागा मिळत नाही. जावा किंवा गो यांसारख्या भाषांत निरुपयोगी स्मृती आपोआप गोळा केली जाते. तेथे हा भार त्या यंत्रणेवर पडतो. १ गिगाबाइटची फाइल ६४ किलोबाइटच्या तुकड्यांनी वाचल्यास १६,३८४ वाचने होतात. बफर आवर्तनाच्या आत मागितला, तर मागण्याही तितक्याच होतात. आवर्तनापूर्वी मागितला, तर एकच पुरते.

एकाच वेळी अनेक कामे चालू असल्यास बफरांचा साठा ठेवतात. काम करणारा भाग साठ्यातून बफर उचलतो व काम झाल्यावर परत करतो. सन मायक्रोसिस्टिम्समधील जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये सोलॅरिस २.४ साठी वर्णिलेली ‘स्लॅब’ पद्धती याच विचाराची आहे. तीत एकाच प्रकारच्या वस्तू सिद्ध अवस्थेत राखून ठेवतात. पुढे लिनक्सनेही ती स्वीकारली. मात्र साठ्याला मर्यादा हवी, अन्यथा क्वचित लागलेला प्रचंड बफर विनाकारण अडकून राहतो.

खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. फाइलचा शेवटचा तुकडा बहुधा आखूड असतो आणि बफरच्या उरलेल्या भागात आधीचे बाइट तसेच राहतात. म्हणून बफरची लांबी नव्हे, तर प्रत्यक्ष वाचलेल्या बाइटांची संख्या प्रमाण मानावी लागते. बफर परत केल्यावरही त्याचा पत्ता कोणी जवळ ठेवला, तर दुसऱ्याचीच माहिती वाचली जाते किंवा बिघडते, आणि असा दोष शोधणे फार कष्टाचे असते.

एप्रिल २०१४ मध्ये ओपन-एसएसएल या सांकेतिकीकरणाच्या आज्ञावलीसंग्रहातील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला. आलेल्या संदेशात सांगितलेली लांबी न पडताळता तितके बाइट परत धाडले जात. त्यामुळे एका वेळी सु. ६४ किलोबाइटपर्यंत शेजारची स्मृती बाहेर जाऊ शकत होती व तीत पूर्वीच्या वापरातील परवलीचे शब्द सापडू शकत. मूळ चूक पडताळणीच्या अभावाची होती. पण वेगासाठी ठेवलेल्या बफरांच्या स्वतंत्र साठ्यामुळे काही प्रणालींतील स्मृतिसंरक्षणाच्या युक्त्याही निष्प्रभ ठरल्या.

गुप्त माहितीचे बफर परत करण्यापूर्वी शून्यांनी भरणे आवश्यक असते. तथापि नंतर न वाचल्या जाणाऱ्या जागेत केलेले हे लेखन अनावश्यक समजून कंपाइलर ते वगळू शकतो. यासाठी सी भाषेच्या सी-२३ या मानकात, न वगळले जाणारे ‘मेमसेट एक्सप्लिसिट’ हे फलन समाविष्ट केले आहे.