हे तुला कुणी सांगितलं? : फोनवरचा नकाशा निवडताना

'कोणतं मॅप ॲप चांगलं?' हा आजचा विषय. पावसाळा तोंडावर आला की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो, कारण तेव्हा अर्धं पुणं आणि अर्धी मुंबई डोंगराकडे निघते. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. नावं आम्ही सांगूच. पण त्याआधी प्रत्येक नकाशाला तुम्ही स्वतः एक प्रश्न विचारायला शिकलं पाहिजे : बाबा रे, हे तुला कुणी सांगितलं? स्क्रीनवरची प्रत्येक रेघ कुणीतरी, कधीतरी, कुठूनतरी आणलेली असते. ते कळलं की तिच्यावर कुठे भरवसा ठेवायचा आणि कुठे नाही, हे बऱ्यापैकी समजायला लागतं.

हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. २०२१च्या जानेवारीत अकोले तालुक्यात फोनवरच्या नकाशाने दाखवलेल्या रस्त्याने निघालेली एक मोटार रात्रीच्या अंधारात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. त्यात एकाचा जीव गेला. २०२४च्या नोव्हेंबरात उत्तर प्रदेशात, बरेलीजवळ, रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून मोटार खाली पडली आणि तिघे दगावले. दोन्ही ठिकाणी पूल नकाशात होता. खालचं पाणी आणि पुढची पोकळी नकाशात नव्हती.

आता एक गोंधळ दूर करू. पुष्कळांना वाटतं, नेट गेलं की जीपीएस गेलं. तसं नसतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि वेळेचा व स्वतःच्या जागेचा संदेश सतत पाठवत राहतात. फोन तो नुसता ऐकतो. रेडिओ ऐकायला रिचार्ज लागतं का? तसंच हे. चार उपग्रह नीट ऐकू आले की फोन आपली जागा काढतो. फोन विमान मोडवर टाकला तरी साधारणपणे हे ऐकणं चालू राहतं. नेटवर्कची मदत एवढीच की कोणता उपग्रह कुठे आहे, हे त्यावरून झटकन कळतं. नेटवर्क नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, तीही सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने. म्हणून पहिल्यांदा जागा सापडायला अर्धं मिनिट, कधी त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेवढ्यात लोक म्हणतात, जीपीएस बंद पडलं. अहो, थांबा जरा, उघड्या आकाशाखाली उभे राहा.

मग नेट गेल्यावर जातं काय? नकाशा जातो. निळा ठिपका जागेवर असतो, पण त्याच्या खालचा कागद कोरा होतो. म्हणजे ॲप निवडताना आपण खरं तर हा कागद निवडत असतो.

शहरापासून सुरुवात करू. रस्त्यावरची लाल रेघ येते कुठून? तुमच्या-आमच्या खिशातून. ज्यांनी जागेची परवानगी दिलेली आहे असे फोन रस्त्याने किती वेगाने सरकताहेत, ते बघून रंग ठरतो, आणि त्याला त्या वाराच्या, त्या वेळेच्या जुन्या नोंदींची जोड दिली जाते. २०२० साली सायमन वेकर्ट नावाच्या कलावंताने ९९ फोन एका हातगाडीत घातले आणि ती गाडी बर्लिनच्या रस्त्यांवरून ओढत नेली. रस्ता मोकळा, पण गूगल मॅप्सवर लाल रेघ! त्यावर कंपनीचं म्हणणं असं आलं की मोटार आणि दुचाकी यांतला फरक आम्ही भारतासह काही देशांत ओळखू शकतो. आपल्याकडे तो फरक फार महत्त्वाचा आहे. सिग्नलला मोटारी उभ्या असतात तेव्हा दुचाक्या फटींतून पुढे गेलेल्या असतात. दुचाकीसाठी वेगळा पर्याय गूगलने २०१७च्या डिसेंबरात आधी भारतातच आणला, तो उगाच नाही.

तेव्हा वाहतुकीसाठी निवड करताना हिशोब सोपा आहे : ज्याच्याकडे जास्त फोन, त्याची लाल रेघ खरी. आपल्या शहरांत हे उत्तर आजतरी गूगल मॅप्स आहे. वेझ हे ॲप चालकांनी स्वतः कळवलेल्या अपघात-अडथळ्यांवर चालतं, पण कळवणारे आसपास असतील तरच त्याचा उपयोग (आणि २०१३पासून तेही गूगलच्याच घरात आहे). मॅपमायइंडियाचं मॅपल्स हे आपल्याकडचं ॲप गतिरोधक, खड्डे, अवघड चौक दाखवण्यावर भर देतं. अनोळखी गावातून रात्री गाडी चालवताना ते बरं वाटतं. दोन्ही ठेवा, पैसे पडत नाहीत. पडतात ते वेगळ्या रूपात : तुम्ही कुठे कुठे जाता याची नोंद तुम्ही देत असता. ज्यांना ते नको आहे, त्यांनी लाल रेघेवर पाणी सोडायची तयारी ठेवावी. ती रेघच मुळी त्या नोंदींची आहे.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात कंटेनर आडवा झाला, तर मागचे फोन मंदावल्यावरच नकाशाला ते कळतं. त्या मार्गावरून मध्येच बाहेर पडायच्या जागा मोजक्या. मग नकाशा बघायचा तो बाहेर पडायच्या जागेच्या आधी. त्यानंतर बघून फक्त किती वेळ अडकणार तेवढं कळतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रस्त्यावर रंगच नसेल तर लोक तो मोकळा समजतात. रंग नाही याचा अर्थ तिथून पुरेसे फोन गेलेले नाहीत, म्हणजे नकाशाला काही माहीत नाही. शॉर्टकट म्हणून दाखवलेल्या बिनरंगी, एकपदरी रस्त्यावर रात्री गाडी घालताना, विशेषतः पावसाळ्यात, हे आठवावं. पुढे ओढा असेल, फरशीचा पूल असेल, तर पाणी किती आहे हे नकाशा सांगत नाही.

आता डोंगरात चला. इथे गर्दीचं गणित पार उलटं होतं. शनिवारी-रविवारी कळसूबाईला फोनांची कमी नसते म्हणा, पण एखाद्या आडवाटेच्या घाटवाटेवर महिन्यात किती माणसं जातात? पाऊलवाटांच्या बाबतीत सगळ्यात श्रीमंत नकाशा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी तो सुरू केला. विकिपीडियासारखं त्याचं काम चालतं, कुणीही भर घालू शकतं. ऑर्गॅनिक मॅप्स, ओस्मअँड ही ॲप्स याच नकाशावर उभी आहेत. सह्याद्रीतल्या कित्येक वाटा, टाकी, गुहा, खिंडी त्यात आहेत, कारण कुणा ट्रेकरने घरी येऊन त्या भरल्या.

पण विचारा प्रश्न : हे तुला कुणी सांगितलं? शहरातल्या रस्त्याची साक्ष हजारो फोन देतात. डोंगरातल्या तुटक रेघेची साक्ष कधी कधी एकाच माणसाची असते. तो फेब्रुवारीत गेला असेल, गवत वाळलेलं, कातळ कोरडा. तुम्ही जुलैत जाताय. कारवी माजलेली, वाट गवतात बुडालेली, कातळावर शेवाळ. किंवा तो माणूस गेलाच नसेल. उपग्रहाच्या चित्रात बारीक रेघ दिसली आणि घरबसल्या त्याने ती गिरवली. चित्रात माणसांची वाट आणि ढोरवाट सारखीच दिसते. ढोरवाट गुरांना हवं तिथे जाते, म्हणजे गवताकडे आणि पाण्याकडे. तुम्हाला हवं त्या गडाकडे ती जाईलच असं नाही. विकिलॉकसारख्या ठिकाणी लोकांनी प्रत्यक्ष चालून नोंदलेल्या वाटा मिळतात. तिथे कधी गेले, किती वेळ लागला, हे दिसतं, म्हणून आम्हाला ते आवडतं. मात्र चुकलेला माणूसही आपली चूक इमानदारीने नोंदवत असतो. एकाच वाटेच्या तीन-चार नोंदी एकमेकींवर ठेवून बघा. जिथे सगळ्या एकत्र येतात ती वाट, आणि जिथे फाटे फुटतात तिथे लोक चुकले, असं समजून निशाणी करून ठेवा.

उंचीचंही तसंच. समोच्च रेषा शाळेत भूगोलात केल्या होत्या, आठवतात? रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र. ॲपमधल्या या रेषा बहुतेक वेळा २०००च्या फेब्रुवारीत एन्डेव्हर या अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीवर आधारलेल्या असतात. त्या मोजणीत साधारण दर ३० मीटरला एक उंची आहे. हिमालयाच्या ऐसपैस उतारांना ती चालून जाते. आपला सह्याद्री मात्र पायऱ्या-पायऱ्यांचा : सपाट पठार, मग सरळ तुटलेला कडा, खाली पुन्हा पठार. ३० मीटरच्या जाळीत कड्याची धार बोथट होते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अशा नकाशावर एखाद्या फार तीव्र उतारासारखा दिसू शकतो, आणि लहान कडे तर नीट दिसतच नाहीत. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे ऑनलाइन पीडीएफ रूपात मोफत मिळतात. त्यात साधारण दर २० मीटरला रेषा असते आणि मोठे कडे वेगळ्या खुणेने काढलेले असतात. निघायच्या आदल्या रात्री एकदा तो नकाशा समोर ठेवून आपली वाट कुठल्या सोंडेने चढते ते बघा. फोनवर बोटाने सरकवत बसण्यापेक्षा डोंगर जास्त कळतो.

ठिपक्याबद्दलही थोडं. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने वर जाताना दोन्ही बाजूंना कातळभिंती असतात. आकाशाची फक्त पट्टी दिसते, उपग्रह कमी दिसतात, त्यांचे संदेश कातळावर आपटून येतात. अशा घळीत ठिपका उड्या मारायला लागला तर गोंधळू नका. उलट टोलार खिंडीच्या वर, उघड्या पठारावर, दाट धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही तेव्हा तोच ठिपका पक्का असतो, आणि खरा उपयोगी पडतो. हात ओले असतील तर टच स्क्रीन ऐकत नाही, तेवढी जलरोधक पिशवी जवळ ठेवा.

राहिलं ऑफलाइन. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. गूगल मॅप्समध्ये भाग उतरवून घेता येतो, म्हणून लोक राजगडाचा परिसर उतरवतात आणि निर्धास्त निघतात. पण नेट नसताना ते फक्त गाडीचा रस्ता सांगतं. चालायचा मार्ग सांगत नाही, एसटी-रेल्वेचाही सांगत नाही, आणि वाहतूक किंवा पर्यायी रस्तेही दाखवत नाही. शिवाय उतरवलेला भाग ठरावीक काळाने ताजा केला नाही तर निघून जातो. ऑर्गॅनिक मॅप्समध्ये प्रदेशाची फाइल एकदा घेतली की शोध, चालायचा मार्ग, सगळं फोनमध्येच होतं. नवशिक्यांना आम्ही हेच सुचवतो. ओस्मअँडमध्ये कितीतरी जास्त सोयी आहेत, काहींना पैसे पडतात, आणि ते शिकायला एक रविवार द्यावा लागतो.

ऑफलाइन नकाशा म्हणजे थांबलेलं घड्याळ, हेही विसरू नका. गोव्यात रायबंदरहून चोडण बेटावर फेरीबोट जाते. नकाशा तुम्हाला धक्क्यापर्यंत नेईल. शेवटची फेरी सुटली का, हे धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसालाच ठाऊक.

निघायच्या आधी घरीच एक परीक्षा घ्या. गच्चीवर जा, विमान मोड लावा, आणि पायथ्याच्या गावापासून गडापर्यंत चालायचा मार्ग मागा. आला, तर ॲप कामाचं. पायथ्याला पोचल्यावर गाडीजवळच एकदा ठिपका पकडून घ्या आणि वाट नोंदवायला सुरुवात करा. परतताना स्वतःचीच रेघ सगळ्यात विश्वासाची असते. नेटवर्क शोधत राहणारा फोन बॅटरी खातो, म्हणून मधल्या काळात विमान मोड बरा.

आणि अडचण आलीच तर? डेटा नसला तरी उंचवट्यावर कधी कधी साधा फोन किंवा एसएमएस जातो. ११२ हा क्रमांक लावा, आणि 'मोठ्या झाडापाशी आहोत' असं न सांगता आकडे सांगा. कळसूबाईचं शिखर म्हणजे १९.६०१, ७३.७०९. दशांशानंतर तीन आकडे म्हणजे साधारण १०० मीटरचा अंदाज. धुक्यात शोधणाऱ्यांना तेवढा पुरत नाही, म्हणून पाच आकडे पाठवा. ॲपमध्ये ठिपक्यावर बोट ठेवलं की ते कुठे दिसतात, हे आधीच बघून ठेवा.

मागच्या रांगेतून एका काकूंची चिठ्ठी आली आहे : वाडीतल्या माणसाने एक वाट सांगितली आणि ॲपने दुसरी, तर ऐकायचं कुणाचं? काकू, त्या माणसालाही आपला तोच प्रश्न विचारायचा, जरा आदराने. 'मामा, यंदाच्या पावसात तुम्ही स्वतः गेलाय का त्या वाटेने?' गुरं घेऊन कालच गेले असतील तर फोन खिशात ठेवा. ऐकीव असेल तर त्यांनाच विचारा, वाडीतलं कोण गेलंय अलीकडे. 'अर्ध्या तासात पोचाल' म्हणाले तर दीड तास धरा. आणि कुणी सोबत यायला तयार झालं तर पैसे आधीच ठरवा, आणि अंधार पडायच्या आत त्यांना वाडीत परत पोचता येईल अशा बेताने निघा.