तोच प्रोग्रॅम, तीच माहिती. मग उत्तराचा शेवटचा अंक वेगळा का?

संगणकाच्या ६४ बिटी अपूर्णांक संख्येत जेमतेम १५ ते १७ अंक मावतात. म्हणून प्रत्येक बेरजेनंतर उत्तर राउंड ऑफ करावं लागतं. ते कसं करायचं, हे १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाने काटेकोर ठरवून दिलं आहे. एकेक बेरीज या नियमानुसार चोखच होते. फरक पडतो तो क्रमाने.

०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले, तर उत्तर येतं ०.६००००००००००००००१. आधी ०.२ आणि ०.३ मिळवून मग ०.१ मिळवले, तर बरोबर ०.६! मोठ्या आकड्यात हे फारच झोंबतं: १ वर १६ शून्यं असलेल्या संख्येत १ मिळवून तीच संख्या वजा केली, की उरतं शून्य. आधी वजाबाकी केली असती, तर तो १ वाचला असता.

आता लाखो संख्यांची बेरीज ग्राफिक्स कार्डावर एकाच वेळी चालणाऱ्या हजारो धाग्यांत (थ्रेड्समध्ये) वाटून द्या. कुठला धागा आधी संपेल हे दर वेळी बदलू शकतं, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलू शकतो आणि शेवटचे अंकही.

हा फरक क्षुल्लक समजू नये. १९६१ मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या प्रारूपात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं, आणि पुढचं हवामान पार वेगळं निघालं.

तंतोतंत तेच उत्तर हवं असेल, तर बेरजेचा क्रम आधीच बांधून द्यावा लागतो. त्यात थोडा वेग जातो. वैज्ञानिक गणितात ती किंमत मोजावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर प्रोग्रॅममधली खरी चूक आणि हा फरक वेगळे ओळखणं फार अवघड होतं.