मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड

आमच्या हरमलला दक्षिणेकडून लागून मांद्रे गाव आहे. मुंबईतील भायखळ्याच्या राणीच्या बागेतले वस्तुसंग्रहालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते डॉ. भाऊ दाजी लाड या मांद्र्याचे. आमच्या मुलांना हे फारसे ठाऊक नसते, म्हणून ही थोडी माहिती.

पेडणे महाल 1788 पासून पोर्तुगीजांकडे होता. त्या राज्यात, 1820 च्या दशकात, गरीब घरात भाऊंचा जन्म झाला. कुटुंब मुंबईला गेले. तिथे हा मुलगा मातीच्या बाहुल्या विकत असे. त्याची बुद्धिबळातली चमक पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिकवण्याचा सल्ला वडिलांना दिला, असे सांगतात. एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण आणि शिक्षकी झाली. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून 1851 साली ते डॉक्टर झाले.

ते वकील नव्हते, पण रयतेची वकिली त्यांनी केली. 26 ऑगस्ट 1852 रोजी बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, तिचे ते एक चिटणीस. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण 1853 मध्ये व्हायचे होते. त्याआधी असोसिएशनने ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज पाठवला. कायदेमंडळात हिंदी माणसे घ्या, वरच्या जागा त्यांना मोकळ्या करा, राज्यकारभाराचा खर्च आवरा, अशा त्यात मागण्या होत्या. काँग्रेसची स्थापना त्यानंतर 33 वर्षांनी झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

आम्ही बँकवाल्यांनी लक्षात ठेवावी अशीही एक गोष्ट आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा आला आणि शेअरचे वेड लागले. 1865 मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला. त्यात भाऊंची कमाईही बुडाली. पण पैसा गेला तरी पत गेली नाही: त्यानंतरच, 1869 आणि 1871 मध्ये, ते दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. कुष्ठरोगावरचे उपचार, मुलींच्या शाळा, जुन्या शिलालेखांचे वाचन ही कामेही त्यांनी केली. 1874 साली त्यांचे निधन झाले.

ज्या संग्रहालयासाठी ते झटले, त्याला 1975 साली त्यांचे नाव मिळाले. सभासदांनी मुंबईस गेल्यावर मुलांना ते जरूर दाखवावे, आणि हा माणूस आपल्या शेजारच्या गावचा, हेही सांगावे.