प्रथम कोण? एव्हरेस्टच्या माथ्यावरील एका वादाची हकीकत

शाळेच्या मैदानावर शर्यत संपली कीं पहिला प्रश्न निघतो, ‘पहिला कोण आला?’ त्यांत गैर असें कांहीं नाहीं. शर्यतींत प्रत्येक गडी आपापल्या पायांनीं धांवतो, आणि शेवटची दोरी ज्याच्या छातीला आधीं लागेल तो पहिला ठरतो. परंतु जेथें हा प्रश्न मुळांतच लागू पडत नाहीं तेथेंही तो हट्टानें विचारला, तर भल्या माणसांना केवढा मनस्ताप सोसावा लागतो, याचें एक बोधप्रद उदाहरण हिमालयाच्या इतिहासांत आहे. तें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

ता. २९ मे १९५३ रोजीं सकाळीं साडेअकराच्या सुमारास न्यूझीलंडचे एडमंड हिलरी व दार्जिलिंगचे तेनसिंग नोर्गे हे एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले. या शिखराची उंची नेपाळ व चीन या दोन देशांनीं मिळून २०२० सालीं ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,००० फुटांहून किंचित् अधिक, अशी जाहीर केली आहे. १९२१ पासून ब्रिटिशांच्या अनेक मोहिमा त्याच्या पायथ्याशीं जाऊन हात हलवीत परतल्या होत्या. १९२४ सालीं मॅलरी व अर्व्हिन हे दोघे वर गेले ते परत आलेच नाहींत. स्वतः तेनसिंग यांची ही सातवी खेप होती. आदल्याच वर्षीं स्विस गिर्यारोहक रेमंड लँबर्ट यांच्यासह ते सुमारें २८,२०० फुटांवरून माघारीं वळले होते. १९५३ ची मोहीम ब्रिटिशांची असून कर्नल जॉन हंट हे तिचे नायक होते. माथ्यावर दोघे सुमारें पंधरा मिनिटें थांबले. तेनसिंग यांनीं आपल्या कुऱ्हाडीला बांधलेलीं चार निशाणें उंच धरलीं: संयुक्त राष्ट्रसंघाचें, ब्रिटनचें, नेपाळचें व भारताचें. हिलरी यांनीं त्यांचें छायाचित्र घेतलें.

एका कुऱ्हाडीच्या दांड्यावर चारही निशाणें गुण्यागोविंदानें फडकलीं. तीं खालीं उतरतांच मात्र त्यांच्यांत भांडण जुंपलें.

त्याचें कारण त्या काळाच्या राजकारणांत होतें. ता. २ जून रोजीं लंडनमध्यें राणी एलिझाबेथ यांचा राज्याभिषेक होता व नेमक्या त्याच सकाळीं ही वार्ता तेथें प्रसिद्ध झाली. साम्राज्य हातचें जात असलेल्या ब्रिटनला हा विजय शुभशकुनासारखा वाटला. इकडे भारताला स्वतंत्र होऊन सहाच वर्षें झालीं होतीं, आणि नेपाळांत राणांची पिढीजाद सत्ता संपून दोनच वर्षें लोटलीं होतीं. आपल्यांतील एक गडी जगाच्या माथ्यावर चढला याचा या दोन्ही देशांना अभिमान वाटला, हें स्वाभाविकच होतें. त्यांतून तेनसिंग हे जातीनें शेर्पा. त्यांचें आयुष्य दार्जिलिंगला गेलेलें. त्यामुळें नेपाळ म्हणे, ‘ते आमचे’; भारत म्हणे, ‘ते आमचे’. यावर, नेपाळच्या उदरीं आपला जन्म झाला व भारताच्या मांडीवर आपण वाढलों, अशा आशयाचें उत्तर ते देत.

मोहीम काठमांडूला परतली तेव्हां लोकांच्या उत्साहाला उधाण आलें होतें. मिरवणुकीच्या वाटेवर लावलेल्या चित्रांत तेनसिंग शिखरावर उभे आहेत आणि दोरीला धरून हिलरींना वर ओढीत आहेत असें दाखविलें होतें! वार्ताहरांचा एकच घोष चालला होता: ‘वर आधीं पाय कोणाचा लागला?’ उलट, या गोंगाटानें त्रासलेल्या हंट यांच्या तोंडून तेनसिंग यांच्या अनुभवाला कमी लेखणारे उद्गार निघाले व त्यांनीं तेनसिंग दुखावले गेले. अखेरीस नेपाळच्या पंतप्रधानांच्या कचेरींत दोघांनीं एका निवेदनावर सह्या केल्या, कीं आम्ही जवळजवळ बरोबरच माथ्यावर पोंचलों. याही उत्तरानें कोणाचें समाधान झालें नाहीं. ‘जवळजवळ’ या शब्दांतच कांहीं दडविलें आहे, असा तर्क लोक करूं लागले.

तेनसिंग यांच्या बाजूनें ओरडणाऱ्यांचा राग अगदींच निराधार होता असें मात्र म्हणतां येणार नाहीं. त्यापूर्वीं तीस वर्षें शेर्पांनीं साहेबांचीं ओझीं वाहिलीं होतीं, आणि कित्येकांनीं त्यांत प्राणही गमावले होते; पण नांव होई तें साहेबांचें. याच मोहिमेच्या आरंभीं काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातींत साहेबांना खोल्या मिळाल्या आणि शेर्पांची झोपण्याची सोय गॅरेजमध्यें झाली, यावरून असंतोष माजला होता. पुढें हंट व हिलरी यांना ‘सर’ ही पदवी मिळाली व तेनसिंग यांना जॉर्ज पदक देण्यांत आलें; तो भेदही पुष्कळांना खुपला. मानाचा प्रश्न खराच होता. पण ज्या मापानें लोक तो मोजूं पाहत होते तें माप चुकीचें होतें.

तें कां चुकीचें, हें समजण्यास गिर्यारोहणांतील दोराचें कार्य जाणून घेतलें पाहिजे. विहिरींत उतरणाऱ्या मनुष्याचा दोर जसा काठावरच्या माणसाच्या हातीं असतो, तसाच बर्फावर चढणाऱ्याचा जीव त्याच्या जोडीदाराच्या हातीं असतो. दोघांच्या कमरेला एकच दोर बांधलेला असतो. पुढचा गडी कुऱ्हाडीनें बर्फांत पायऱ्या खोदतो. मागचा आपली कुऱ्हाड बर्फांत रोवून, तिला दोराचा वेढा देऊन, त्याच्यावर डोळा ठेवून उभा राहतो. पुढच्याचा पाय निसटला तर मागच्यानें तोल सांवरावयाचा. पुढचा थकला म्हणजे मागचा पुढें होतो. मागच्यावर विश्वास नसेल तर पुढच्याला पाऊल टाकण्याचें धैर्य होणार नाहीं, आणि पुढच्यानें पायऱ्या खोदल्या नाहींत तर मागच्याला वाट सांपडणार नाहीं.

हें नुसतें पुस्तकी तत्त्व नव्हे. त्याच मोहिमेंत, एप्रिल महिन्यांत, हिमनदीच्या फुटक्या उतारावरून येतांना हिलरी यांच्या पायाखालचा बर्फाचा कडा कोसळला व ते भेगेंत पडले. तेनसिंग यांनीं तत्क्षणीं कुऱ्हाड रोवून दोर आवळला, म्हणून हिलरी वांचले. तसेंच शेवटच्या दिवशीं, माथ्याच्या थोडें अलीकडे सुमारें चाळीस फूट उंचीचा एक सरळ कडा वाट अडवून उभा होता. खडक व बर्फ यांच्या फटींत अंग घालून हिलरी तो चढले आणि मग त्यांच्या दोराच्या आधारानें तेनसिंग वर आले. एकानें एकाचा प्राण राखला. दुसऱ्यानें वाट काढली. अशा दोघांत ‘पहिला’ निवडावयाचा तो कोणत्या न्यायानें? शेवटच्या चढावर दोघांमध्यें दोराचें अंतर उणेंपुरें सहा फूट होतें, आणि त्या सहा फुटांवर तीन देशांची इभ्रत टांगली गेली होती!

तरीसुद्धां ‘माथ्यावर आधीं पाऊल कोणाचें पडलें?’ या प्रश्नाला कांहीं एक खरें उत्तर असणारच. तें प्रथम स्पष्टपणें सांगितलें तें तेनसिंग यांनींच. त्यांना लिहितांवाचतां येत नसे; त्यांनीं सांगितलेलें आत्मचरित्र १९५५ सालीं प्रसिद्ध झालें. आधीं हिलरी चढले व मागाहून आपण, असें त्यांनीं त्यांत सरळ सांगितलें. एक पाऊल मागें असणें हा कमीपणा असेल, तर तो कमीपणा घेऊन आपण जगूं. पण आपणांस तसें वाटत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ होता. विद्यार्थिमित्रांनो, या कबुलीचें मोल नीट ध्यानांत घ्या. लक्षावधि लोक आपल्या नांवाचा जयघोष करीत असतां, त्यांना रुचणारें असत्य बोलणें किंवा नुसतें गप्प राहणें किती सोपें होतें! तेनसिंग यांनीं सत्य सांगितलें, आणि त्यानें त्यांचें तेज लवमात्र कमी झालें नाहीं. हिलरी यांनींही त्यांच्या हयातींत जोडीचीच भाषा बोलण्याचा परिपाठ ठेवला. आपलें पाऊल आधीं पडलें हें त्यांनीं उघडपणें लिहिलें तें १९९९ सालीं, तेनसिंग यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनीं.

या वादानें दोघांच्या मैत्रीचा दोर तुटला नाहीं. १९५४ सालीं दार्जिलिंगला हिमालय गिर्यारोहण संस्था निघाली, आणि तेथें तेनसिंग यांनीं भारतीय तरुणांना तोच दोर कसा धरावा हें वर्षानुवर्षें शिकविलें. हिलरी यांनीं १९६१ सालीं शेर्पांच्या खुमजुंग गांवीं मुलांसाठीं शाळा उभारली व पुढें त्या प्रदेशांत शाळा व दवाखाने यांची भर घातली. १९८६ सालीं तेनसिंग निवर्तले, तेव्हां हिलरी हे न्यूझीलंडचे वकील म्हणून दिल्लीस होते. आपल्या सोबत्याला अखेरचा निरोप देण्यास ते दार्जिलिंगला गेले.

आपल्या देशाचा अभिमान बाळगूं नये, असा या हकीकतीचा अर्थ नव्हे. ज्या शेर्पांच्या श्रमाकडे जगानें डोळेझांक केली होती त्यांना मान मिळालाच पाहिजे होता, आणि त्यासाठीं आवाज उठविणें योग्यच होतें. परंतु आपल्या माणसाचा गौरव करण्यासाठीं त्याच्या जोडीदाराला दोरीनें ओढला जाणारा दुबळा ठरविण्याची गरज नव्हती. आणि दुसऱ्या पक्षाचा मान राखण्यासाठीं तेनसिंग यांना उणें लेखण्याचीही नव्हती. पुढें वादविवाद मंडळांत, सभेंत वा घरांत ‘आमचा पहिला कीं तुमचा?’ असा प्रश्न निघाला, तर उत्तर देण्याची घाई करण्यापूर्वीं इतकें अवश्य पाहावें, कीं ही शर्यत आहे, कीं दोघांना बांधणारा एकच दोर आहे.