एक्सप्लेनर : डच मुलं उंच, आपली बुटकी, फरक रक्तातला की ताटातला?

‘आमच्या घरात सगळेच बुटके, मग पोरगा कुठून उंच होणार?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. एका घरापुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण अख्ख्या देशाला ते लागू होतं का?

आधी फरक बघा. २०२० मध्ये ‘द लॅन्सेट’ने २०० देश-प्रदेशांतील मुलांच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार १९ वर्षांच्या मुलांची सरासरी उंची नेदरलँड्समध्ये १८३.८ सेंमी, तर तिमोर-लेस्तेमध्ये १६०.१ सेंमी. बांगलादेशातील १९ वर्षांची मुलगी सरासरी ११ वर्षांच्या डच मुलीएवढीच भरते!

पण हाच अभ्यास आणखी एक गोष्ट सांगतो. १९ वर्षांच्या मुलांच्या उंचीत चीन १९८५ मध्ये १५० व्या स्थानी होता, २०१९ मध्ये ६५ व्या. याच काळात ब्रिटन २८ वरून ३९ वर घसरला. ३४ वर्षांत देशाची जनुकं बदलत नाहीत.

सहा देश, एकच वाढ

खरा पुरावा त्याआधीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ दरम्यान ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतील सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. अट एकच : घरची परिस्थिती बरी, बाळाला आईचं दूध, आई धूम्रपान न करणारी. पाच वर्षांखालील या मुलांच्या उंचीत जो फरक दिसला, त्यातला देशामुळे पडलेला वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. ओस्लो असो वा दिल्ली, सुरुवात चांगली मिळाली की लहान मुलं जवळपास सारखीच वाढतात.

यावरूनच २००६ चे तक्ते बनले. पाच वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ११० सेंमी, १००.७ च्या खाली असेल तर वाढ खुंटलेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) पाच वर्षांखालील अशी मुलं देशात ३५.५ टक्के आहेत. आधीच्या फेरीत ती ३८.४ टक्के होती. महाराष्ट्रात मात्र आकडा ३४.४ वरून ३५.२ वर गेला. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हे शोभणारं नाही.

हे नुकसान प्रामुख्याने गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत होतं. आईचं पोषण, वारंवार होणारे जुलाब, सहा महिन्यांनंतरचा अपुरा वरचा आहार ही त्यामागची कारणं. दहाव्या वर्षी डबाभर ‘उंची वाढवणारी’ पावडर पाजून ते भरून निघत नाही.

उंच म्हणजे तंदुरुस्त?

नाही. २० मीटर शटल रनमध्ये ५० देशांच्या मुलांची तुलना झाली, तेव्हा टांझानिया पहिला आला आणि अमेरिका ४७ वी.

पालकांनी काय बघावं?

पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीतली नोंद, त्यानंतर १८ वर्षांपर्यंत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते. शेजारच्या मुलाशी तुलना नको. सहा-सहा महिन्यांनी मोजा. पाच वर्षांनंतर, वयात येण्यापूर्वी वर्षाला चार सेंमीपेक्षा कमी वाढ दिसली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.