मांजराची बशी आणि वाळूचे घमेले

आमच्या युनियनच्या कचेरीत एक मांजर आहे. उंदरांनी वर्गणीच्या पावतीपुस्तकांचा फडशा पाडू नये म्हणून ते ठेवलेले. मागे एकदा त्याच्या वाळूच्या घमेल्याला अशी दुर्गंधी सुटली की कार्यकारिणीची सभा जिन्यात घ्यावी लागली, आणि त्याच सभेत मांजराला गोणपाटात घालून मासळीबाजारात सोडून यावे अशी सूचनाही आली. चौकशीअंती कळले ते असे, की मांजराने काहीच केले नव्हते. जे केले ते आम्हीच. एका सभासदाने हौसेने तयार खाद्याची पिशवी आणली होती. ती आम्ही एका सकाळी फोडली आणि त्याच सकाळपासून मांजराचा मासळी-भात बंद केला.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. शहरातल्या बंद घरांत मांजराला माती उकरून झाकण्याची सोय राहिलेली नाही. त्याचा सारा विधी आपल्या नाकाखाली होतो, आणि त्या वासापायी कित्येक मांजरांना घराबाहेर काढले जाते. घरात वाढलेले मांजर बाजारातल्या बोक्यांपुढे आणि कुत्र्यांपुढे किती दिवस टिकणार? म्हणून हा वास येतो कोठून, हे नीट पाहिले पाहिजे.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा प्रसंगी भाकरतुकड्यावर दिवस काढतो. मांजराचा देह त्यासाठी घडलेलाच नाही. त्याचे आतडे शरीराच्या मानाने आखूड असते. लाळेत पिष्ट पचवणारा रस नसतो, आणि स्वादुपिंडातून जो येतो तोही बेताचाच. गोड चव तर त्याला कळतच नाही; ती ओळखण्यास लागणारा एक जनुक मांजरात निकामी झालेला आहे, असे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ साली दाखवून दिले. मग मांजर डोळे मिटून दूध का पिते, असे कोणी विचारील. ते काही गोडीसाठी पीत नाही एवढे खरे. पिल्लू मोठे झाले की दुधातील साखर पचवण्याची त्याची शक्ती ओसरते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पाणी ओढते, तेथे आंबते, आणि मांजराला ढाळ लागतो. प्रेमाने पाजलेल्या वाटीभर दुधाचा हिशेब असा दुसऱ्या दिवशी घमेल्यात चुकता होतो!

काही घरांत मांजराला दूधभातावरच ठेवण्याचा आग्रह असतो. त्यांना एकच सांगावयाचे. टॉरिन नावाचे एक द्रव्य मांजराला आपल्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही. ते मांस-मासळीतूनच यावे लागते. ते न मिळाल्यास डोळ्याचा पडदा खराब होतो हे १९७५ च्या सुमारास कळले, आणि हृदय दुबळे होऊन मांजर दगावते हे पॉल पायन यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८७ साली दाखवले. ही मांजरे कारखान्यातले तयार खाद्य खाणारी होती! त्यानंतर कारखानदारांनी खाद्यातले टॉरिन वाढवले. छापील पिशवी म्हणजे वेदवाक्य नव्हे, इतके यावरून समजावे.

आता विष्ठेच्या वासाकडे वळू. खाल्लेले मांस लहान आतड्यात पचून शोषले गेले, तर मागे फार थोडे उरते. पण ते हलक्या प्रतीचे असेल, किंवा पोट बिघडून घाईने पुढे सरकले, तर न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथील जंतू ती कुजवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास असलेला वायू, आणि इंडोल, स्कॅटोल अशी उग्र द्रव्ये बाहेर पडतात. चांगले पचणारे खाद्य दिल्यावर घाण कमी येते आणि तिचे प्रमाणही घटते, ते यामुळे.

या जंतूंची वस्ती रोजच्या अन्नाला सरावलेली असते. अन्न एकदम पालटले की सगळा कारभार विस्कळीत होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. काही ठरावीक सेवाशर्ती बदलावयाच्या तर मालकाने एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी, असे ते कलम सांगे. त्या कलमासाठी आम्ही उभी हयात भांडलो, आणि कचेरीतल्या मांजराला मात्र एका रात्रीचीही मुदत दिली नाही. मांजराला एकवीस दिवस लागत नाहीत. सात ते दहा दिवस पुरतात. आरंभी पाऊण हिस्सा जुने आणि पाव हिस्सा नवे, दोन-तीन दिवसांनी निम्मे-निम्मे, असे वाढवीत जावे. मळ पातळ झाला तर एक पायरी मागे यावे. मात्र ‘भूक लागली की खाईल’ म्हणून त्याला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस अन्न तोडले तर मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जीवावर बेतते. आणि आपल्या ताटातले कालवण तर देऊच नये. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

मूत्राची गोष्ट निराळी आहे. डोळ्यांत पाणी आणणारा जो वास येतो तो अमोनियाचा, आणि ताज्या मूत्रात अमोनिया फारसा नसतो. मूत्रातील युरियापासून जंतू तो मागाहून तयार करतात. म्हणजे त्या वासाचा मोठा भाग आपल्या आळसाचा! नर बोक्याच्या मूत्रात आणखी फेलिनीन नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते. ते १९५१ साली ओळखले गेले. बोक्याची नसबंदी केल्यावर हा वास पुष्कळ उतरतो. त्यावर दुसरे खाद्य शोधत बसण्यात अर्थ नाही. खाद्याचा संबंध येतो तो पाण्यापुरता. उंदराच्या देहात सुमारे सत्तर टक्के पाणी असते, पिशवीतल्या कोरड्या दाण्यांत दहा टक्क्यांच्या आसपास. मांजर स्वतःहून पाणी कमी पिते, त्यामुळे कोरड्या खाद्यावर मूत्र दाट होते. आम्ही दाणे कोमट पाण्यात भिजवून देऊ लागलो. घमेले अधिक वेळा ओले होते, पण नाक दाबावे लागत नाही.

घमेल्याविषयी थोडेसे. १९४७ साली अमेरिकेत एड लो यांनी मांजरासाठी जी माती विकावयास काढली, ती आपल्या मुलतानी मातीच्या जातीची. हल्ली गोळे धरणारी बेंटोनाइट माती मिळते. माती कोणतीही असो, मळ रोज काढावा. त्यातून टॉक्सोप्लाझ्माचे जंतू पसरू शकतात, पण त्यांना रोगकारक होण्यास किमान एक दिवस लागतो. गर्भवती स्त्रीने हे काम करू नये. घमेले धुताना ब्लीचिंग वापरू नये. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू निघतो.

इतके करूनही ढाळ तीन-चार दिवसांत थांबला नाही, मळात रक्त किंवा जंत दिसले, तर खाद्य बदलत राहण्यापेक्षा मळाचा नमुना घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे जावे. बोका वारंवार घमेल्यात बसतो, कुंथतो आणि मूत्र उतरत नाही, असे दिसले तर उद्यावर ढकलू नये. त्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असतो, आणि एक-दोन दिवसांत तो मरू शकतो.