भट्टीच्या अलीकडचा थांबा

मराठी घरांत तांब्या-पितळेच्या वस्तूला नेहमीच दोन किमती असत. एक तिच्या उपयोगाची आणि दुसरी तिच्या मोडीची, म्हणजे जुने भांडे वजनावर देऊन त्याच्या बदल्यात पैसे किंवा नवे भांडे घेताना धातूला मिळणाऱ्या भावाची. मोडीत गेलेली वस्तू भट्टीत वितळते आणि तिचाच धातू नव्या रूपाने पुन्हा कोणाच्या तरी घरात येतो. हा व्यवहार इतका जुना आणि सोयीचा आहे की जुन्या बाजारात फिरणाऱ्या संग्राहकाच्या हाती जे लागते ते या चक्रातून काही ना काही कारणाने निसटलेले असते. कोणती वस्तू निसटावी आणि कोणती वितळावी याचा निवाडा सौंदर्याने क्वचितच केला आहे. तो बहुतेक वेळा धातूच्या भावाने केला आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चक्र वेगाने फिरू लागले. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून त्याला आतून कथलाचा पातळ थर, म्हणजे कल्हई, वेळोवेळी करून घ्यावी लागते. स्टेनलेस स्टीलला ती लागत नाही आणि ते वजनाने हलकेही असते, त्यामुळे घंगाळे, बंब, गुंड आणि पराती घरोघरी अडगळीत जाऊन पुढे मोडीत निघाल्या. चिंच आणि राख लावून पितळ उजळण्याचे काम ज्या स्त्रियांच्या वाट्याला होते त्यांनी स्टील आनंदाने स्वीकारले, आणि त्याबद्दल आज हळहळणे हा त्यांच्या श्रमांवर अन्याय ठरेल. त्याच काळात वाडे पडू लागले. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील अनेक जुनी घरे खिळखिळी केली आणि पुढच्या दशकांत वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. सदनिकेत माळा नसतो आणि कोठीघरही नसते, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांनी ‘असू दे’ म्हणून ठेवलेल्या वस्तू थोड्या वर्षांत एकदम बाहेर आल्या.

त्या ज्या ठिकाणी आल्या त्यांत पुण्यातील मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईत भेंडी बाजारालगतच्या मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. वस्तूचे भवितव्य मात्र बाजारात पोचण्यापूर्वीच, भंगारवाल्याच्या वर्गवारीत ठरते. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम, बीड आणि रद्दी असे ढीग पाडताना वजनाच्या भावापेक्षा सुटा नग म्हणून जास्त पैसे देईल अशी वस्तू तो बाजूला काढतो, आणि ती निवडण्याची त्याची नजर अनेक शिकलेल्या संग्राहकांपेक्षा तयार असते. महाराष्ट्राच्या भौतिक संस्कृतीचा, म्हणजे माणसांच्या वापरातील वस्तूंमधून दिसणाऱ्या जीवनाचा, केवढा तरी भाग या अनाम निवडीमुळे वाचला आहे, आणि त्याचे ऋण संशोधकांनी अजून नीटपणे मान्य केलेले नाही.

ज्या वस्तूत मौल्यवान द्रव्य होते तिचे हाल अधिक झाले. जुन्या कृष्णधवल चित्रपटांच्या फितीवरील लेपात चांदीचे क्षार असत, त्यामुळे प्रदर्शनाची मुदत संपलेल्या फिती चांदी काढण्यासाठी विकल्या जात. भारतात हजाराहून अधिक मूकपट निर्माण झाले असताना त्यांतील मोजकेच, तेही पुष्कळदा अपूर्ण, आज उपलब्ध आहेत आणि १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’ पूर्णपणे हरवला आहे, यामागे आगी आणि ज्वलनशील नायट्रेट फितीची नासाडी यांच्याबरोबर हेही एक कारण आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले तोवर फार उशीर झाला होता. उलट ज्यांना द्रव्याची काहीच किंमत नव्हती अशा काड्यापेट्यांवरील छापे आणि कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेली रंगीत तिकिटे वह्यांत डकवलेली किंवा पत्र्याच्या पेट्यांच्या झाकणांत टिकून राहिली. स्वीडन आणि जपान येथून येणाऱ्या काड्यापेट्यांवर भारतीय देवदेवता छापलेल्या असत. पुढे स्वीडिश भांडवलावर १९२३ मध्ये ‘विमको’ ही कंपनी उभी राहिली आणि अंबरनाथच्या कारखान्यात काड्यापेट्या तयार होऊ लागल्या. एका बोटाएवढ्या कागदावरून परदेशी कारखानदाराला मराठी, गुजराती किंवा तमिळ गिऱ्हाइकाच्या मनाविषयी काय ठाऊक होते हे कळते, आणि ही माहिती व्यापाराच्या हिशेबवह्यांत सापडत नाही.

छापील चित्रांत सर्वाधिक मागणी रविवर्मा मुद्रणालयाच्या ओलिओग्राफना असते. ओलिओग्राफ म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून तेलकट शाईने छापलेले आणि तैलचित्राचा भास व्हावा म्हणून वर वॉर्निश दिलेले शिळामुद्रित चित्र. हे मुद्रणालय १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाले, पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेले, विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आले आणि १९७२ च्या आगीत नष्ट झाले. त्याची लक्ष्मी आणि सरस्वती इतक्या घरांत पोचल्या की आज त्यांची नक्कलही तितकीच मुबलक आहे. खरे-खोटे पारखण्याचा मार्ग भिंगातून जातो; जुन्या शिळामुद्रणात रंगाचे कण अनियमित, हाताने टिंबल्यासारखे दिसतात, तर आधुनिक ऑफसेट छपाईत एकसारख्या ठिपक्यांची आखीव जाळी दिसते. चौकट जुनी असणे हा पुरावा नव्हे, कारण जुन्या चौकटीत नवे चित्र बसवणे अगदी सोपे असते. काही प्रतींवर देवीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या आढळतात. छापून आलेल्या चित्राला घरातील बाईने दिलेली ही भर असते, आणि जाणत्याने डाग नसलेल्या कोऱ्या प्रतीपेक्षा तिला अधिक मान द्यावा.

पितळेच्या वस्तूंत झीज बोलते. अडकित्त्याच्या दांड्या तळहात टेकतो तेथे गुळगुळीत होतात आणि पाय घासण्याच्या वज्रीचे खालचे दाते बोथट होतात, पण तिच्यावरच्या मोराच्या शेपटीची खोबण तशीच राहते. नवी वस्तू आम्ल लावून काळी केली असता काळेपणा सगळीकडे सारखा बसतो, आणि हाताला ज्याचा उपयोग नाही अशा जागीही ती झिजलेली दिसते.

तरीही वस्तू खरी आहे एवढ्यावर थांबणारा संग्रह अर्धाच होय. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली, तेव्हा कागद कोणत्या घराण्याचा याला त्यांनी कागदाइतकेच महत्त्व दिले. वापरातल्या वस्तूंना तशीच आस्था मिळाली ती दिनकर गंगाधर केळकर यांच्यामुळे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या आणि चष्म्यांचा व्यवसाय सांभाळणाऱ्या या गृहस्थांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने दिवे, अडकित्ते, वज्री, दौती, वाद्ये आणि कोरीव दारे जमवली, बालपणीच दुरावलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये सुमारे २०,००० वस्तूंचा हा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजवाड्यांनी मागे टाकलेले सामान्य घर केळकरांनी इतिहासात आणले, हे त्यांचे कार्य कोणत्याही ग्रंथाच्या तोडीचे आहे.

बाजारातल्या भांड्याचे मूळ घर बहुधा कळत नाही, मात्र मराठी भांड्यांना एक मोठी सोय आहे. त्यांच्यावर टिंबांनी नाव घालण्याची चाल होती, आणि त्यात देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्या मुलीचे नाते, प्रसंग आणि शके किंवा सन येई. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, वर्षाच्या अखेरच्या अडीच-तीन महिन्यांसाठी ७९. ही अक्षरे उथळ असतात आणि विक्रेता भांडे चकचकीत करण्यासाठी ते बफिंगच्या चाकावर धरतो तेव्हा नक्षीच्या आधी तीच झिजतात.

हे नुकसान केवळ भावनेचे नाही. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू असून त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू आणि वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाचे किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ही शंभर वर्षांची रेषा दरवर्षी एका वर्षाने पुढे सरकते, त्यामुळे शके १८४५ च्या लग्नात दिलेले, म्हणजे १९२३-२४ मधले घंगाळ आता तिच्या पलीकडे गेले आहे, आणि ते गेले आहे हे दाखवणारा घरगुती पुरावा बहुतेक वेळा त्याच्या काठावरची ती टिंबांची एक ओळच असते.